राजाचा वाकडा हात

एक होता राजा, आणि त्याला यायचा संशय. ताक पातळ झालं की गवळणीचा संशय, मांजर जाडं झालं की आचाऱ्याचा.

त्याच्या गावाची एक रीत होती. पाडव्याला राजानं तळ्यात नवी काठी उभी करायची, नि पाणी किती उरलं ते मोजायचं. आधीचे राजे होडीतून मधोमध जात आणि काठी ताठ रोवत. ह्या राजाचा नावाड्यावर भरवसा नाही, बरं का. त्यानं काठावरूनच तिरकी खुपसली. तर काय, पाण्याशी काठी वाकडी!

राजानं सोमाजी सुताराला बोलावलं. वाकडी काठी सरळ म्हणून देतोस काय? आणखी दोनदा सवलत. तिसरीही वाकडी निघाली, तर हत्यारं जप्त आणि कुटुंब गावाबाहेर.

मग सोमाजीनं सागाची काठी केली. दोरी लावून पाहिली, सरळ. तळ्यात घातली, वाकडी. मग शिसवीची करायला घेतली.

सोमाजीच्या घरात सासूबाईंना वेगळाच संशय आला. त्या नव्या सुनेकडे, आवडीकडे बघून म्हणाल्या, "हिची वरातीची गाडीसुद्धा वेशीपाशी वाकडी वळली होती. पायगुण, दुसरं काय."

नव्या सुनेनं बोलायचं नसतं. बघायला मात्र कुणी मना केलं नव्हतं. देवापुढच्या पंचपात्रातली पळी तिला पाण्याशी मोडल्यासारखी दिसली. मग तिनं बोट बुडवलं. बोटही मोडलं. दुखलं मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी शिसवीची काठी तळ्यात गेली, नि वाकडी झाली. शिपाई हत्यारांची पेटी उचलणार, तोच आवडी पुढं झाली आणि हळूच म्हणाली, "महाराज, काठीशेजारी आपला हात घालावा."

राजाला मगरीचा संशय. त्यानं आधी प्रधानाला घालायला लावला. प्रधानाचा हात वाकडा दिसला. राजा म्हणाला, "ह्याच्यावर माझी नजर होतीच." मग त्यानं बाही सारून स्वतःचा घातला. तोही वाकडा.

"हा हात कुठल्या सुतारानं घडवला, महाराज?"

राजानं हात बाहेर काढला, तर सरळ; पुन्हा घातला, तर वाकडा.

मग आवडीनं सांगितलं. गाडी कडक रस्त्यावरून चिखलात तिरकी शिरली, की आधी शिरलेलं चाक मंदावतं, दुसरं धावतच असतं, म्हणून गाडी वळते. दोष बैलाचा नाही, आत बसलेल्या नवरीचाही नाही. उजेडालाही पाणी म्हणजे चिखलच, त्यातून हवेत तिरका येताना तोही असाच वळतो, म्हणून सरळ काठी वाकडी दिसते.

सासूबाई पदराचं टोक नीट करत बसल्या. पेटी घरी गेली. संध्याकाळी सुनेच्या पानात पहिली पुरणपोळी पडली, न मागता.

तेव्हापासून कुणाचा संशय आला, की राजा आधी बाही वर करून हात पाण्यात घालून बघायचा. तेवढ्यात राग निवायचा, आणि त्याला झोपही लागायची. तुम्हालाही लागू द्या आता. तांब्यात बोट घालून बघायचं ते सकाळी.