पगडी चघळता येत नाही!

"हरलो, तर माझा गजमोती हत्ती तुमचा!" तेरणगडचा राजा भैरवसेन भर दरबारात गरजला.

झालं! प्रधानांनी डोळे मिटून घेतले. महाराजांनी एकदा हट्ट धरला की ब्रह्मदेवाचंही चालत नसे. समोर उभा होता पळसगडच्या राजाचा दूत. त्याने आणलं होतं एक कोडं आणि एक लखोटा. कोडं सुटलं तर सीमेवरचा तलाव तेरणगडला, नाही सुटलं तर गजमोती पळसगडला. उत्तराला संधी तीन. खरं उत्तर लखोट्यात बंद!

दूताने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

"आमच्या महाराजांचं कोठार सकाळी रिकामं होतं. मग तीन हारे, म्हणजे तीन मोठ्या टोपल्या भरून, आंबे आले. दोन घडे लाडू आले. नऊ आंबे सुटे आले. आणखी दोन हारे आंबे आले. एक घडा लाडू पाहुण्यांकडे गेला. सहा सुटे आंबे आले. चार हारे सासुरवाडीला गेले. तीन घडे लाडू आणखी आले. आठ सुटे आंबे वानरांनी पळवले. दोन घडे लाडू महाराजांनी एकट्यानं फस्त केले. आता कोठारात काय उरलं?"

"हाऱ्यात आंबे किती?" राजज्योतिषी त्र्यंबकशास्त्रींनी विचारलं.

"सगळ्या हाऱ्यांत सारखेच. पण किती, ते सांगायचं नाही! घड्यांतल्या लाडवांचंही तसंच."

"मग कोडं सुटणारच नाही!" शास्त्री ओरडले.

"हे उत्तर एक!" दूताने बोट दुमडलं.

"शास्त्रीबुवा!" महाराज कडाडले. "मला एक आकडा हवा! एकच! आत्ता!"

शास्त्रींनी घाईघाईने आलेलं सगळं मिळवलं, गेलेलं सगळं वजा केलं. "दहा!"

"दहा काय? आंबे? लाडू? हारे?" दूताने विचारलं.

"दहा... म्हणजे... दहाच!"

"हे उत्तर दोन!" दूत हसत सुटला. "महाराज, हत्तीचा साखळदंड सोडायला सांगा!"

अंगणात गजमोती झूल घालून उभा होता. त्याच्या सोंडेला बिलगून माहुताची पोर साळू दरबारातला शब्दन् शब्द ऐकत होती. गजमोती तिच्याहून दोन वर्षांनी मोठा; तिला पहिलं पाऊल टाकायला शिकवलं ते त्याच्या सोंडेने. साखळदंड खुळखुळला आणि साळू तीरासारखी दरबारात घुसली.

"थांबा! तिसरं उत्तर मी देते!"

"तू?" महाराजांच्या भुवया मुकुटाला टेकल्या. "गणित येतं तुला?"

"गणित नाही येत, महाराज. हत्तीखाना येतो! तिथं रोज उसाच्या मोळ्या येतात, कडब्याच्या पेंढ्या येतात. ज्याचं त्याच्यात ठेवते, म्हणून घोळ होत नाही. मला फक्त थोडं सामान लागेल. सरदारांनो, पगड्या काढा!"

"काय?"

"एक पगडी म्हणजे एक हारा. तीन आले, दोन आले. पाच पगड्या खाली!"

महाराजांनी मान डोलावली. काय करतात बिचारे सरदार! पाच पगड्या सतरंजीवर आल्या आणि पाच टकलं दरबारात चमकली. राणीवशाच्या जाळीमागून खुदखुद ऐकू आली.

"चार हारे सासुरवाडीला गेले!" साळूने चार पगड्या चार डोक्यांवर ठेवल्या, घाईत सेनापतींची कोतवालांना आणि कोतवालांची सेनापतींना. "उरली एक. आता उपरणी! एक उपरणं म्हणजे एक घडा. दोन आले, तीन आले, पाच उपरणी टाका! एक पाहुण्यांकडे गेलं, दोन महाराजांनी खाल्ली..."

"मी नाही खाल्ली!" भैरवसेन दचकले.

"पळसगडच्या महाराजांनी, सरकार!" तिने तीन उपरणी परत केली. "उरली दोन. आता प्रधानजी, तुमचा पानाचा डबा! एक सुपारी म्हणजे एक सुटा आंबा!"

डब्यातून नऊ सुपाऱ्या निघाल्या, मग आणखी सहा. पंधरा झाल्या. आठ सुपाऱ्या तिने वानरांच्या नावाने डब्यात परत टाकल्या. प्रधानजींना मात्र ते 'वानरांच्या' फारसं आवडलं नाही.

"उरल्या सात! माझं उत्तर असं: एक हारा आंबे, दोन घडे लाडू आणि सात सुटे आंबे!"

दूताचा चेहरा पडू लागला होता, तेवढ्यात भैरवसेनांचा हट्ट पुन्हा उसळला.

"हे तीन आकडे झाले! मी एक मागितला होता. सगळ्यांची बेरीज सांग!"

दूताचे डोळे लकाकले. "हो, हो! सांग, पोरी! एकूण किती?"

साळूने पगडी उचलली, एक सुपारी उचलली आणि दोन्ही महाराजांपुढे धरल्या.

"महाराज, आधी ही सुपारी डोक्यावर घाला आणि ही पगडी चघळून दाखवा. चघळता आली, की मी लगेच बेरीज करते!"

महाराजांनी पगडीकडे पाहिलं, सुपारीकडे पाहिलं. मग भैरवसेनांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि असं हसू फुटलं, की सिंहासनाचे घुंगरू वाजले! "चघळून! पगडी! अरे देवा!"

दूताने मुकाट्याने लखोटा फोडला. आत लिहिलं होतं, 'एक हारा, दोन घडे, सात आंबे. बेरीज करील तो हरला.'

"तलाव आमचा! गजमोती आमचा!" डोळे पुसत महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून साळूला दिलं. "माग, पोरी! आणखी काय हवं?"

"बसायला जागा, महाराज. मघापासून उभं राहून पाय दुखले!"

पुन्हा हशा उसळला. तेरणगडच्या राजाने स्वतःचा लोड उचलला, सिंहासनाशेजारी मांडला आणि माहुताच्या लेकीला हाताला धरून तिथे बसवलं.