सहा फुटांचे सरकार आणि पिवळी मोटार

“तंतोतंत तीच गाडी हवी! एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही!” करंजपूरच्या रणधवलराव सरकारांनी फर्मान सोडलं. संस्थान जाऊन जमाना झाला होता, पण फर्मान सोडायची सवय काही गेली नव्हती.

गाडी कुठली? तर ‘पिवळं वादळ’ सिनेमातली! चाळीस वर्षांपूर्वी त्याचं शूटिंग सरकारांच्याच राजवाड्याच्या चौकात झालं होतं आणि तरण्याबांड सरकारांना त्यात फौजदाराचं काम मिळालं होतं. काम म्हणजे काय, गाडीच्या टपावर कोपर टेकून मिशीला पीळ द्यायचा. बस्स! तेवढ्यावर सरकार आजवर खूश होते. गाडी सिनेमावाल्यांनी स्वतः बनवलेली, एकुलती एक. ती कधीच भंगारात गेली. नकाशा नाही, कागद नाही, उरला नुसता सिनेमा.

“मग माप कशावरून काढायचं, सरकार?” कारभारी खंडोपंतांनी विचारलं.

“अरे, मी उभा आहे ना गाडीशेजारी! माझी उंची सहा फूट. घाला हिशेब!”

आता खरं सांगायचं तर सरकार सहा फूट होते, पण कधी? फेटा बांधला, उंच टाचांचे बूट घातले आणि बघणारा खाली बसला, तर! हे अख्ख्या करंजपूरला ठाऊक होतं. पण बोलतोय कोण?

शहरातून दोन नामांकित कारागीर आले. दोघांनी माना डोलावल्या, सहा फुटांवरून हिशेब घातला आणि लोखंडी सांगाडे करून आणले. तेव्हा सरकारांनी कुलपातून एक लांबलचक वस्तू काढली. मूळ गाडीचा पुढचा बंपर! आठवण म्हणून तेवढा त्यांनी ठेवून घेतला होता, पण माप घ्यायला कुणाला देत नसत; तो फक्त पारखायला! लावून बघतात तर काय, दोन्ही सांगाड्यांना वीतभर तोकडा!

“हाकला यांना!” सरकार कडाडले.

मग पाळी आली गावातल्या म्हादू पांचाळाची. म्हादू ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा आणि त्याची शेड होती सरकारांच्या जागेत.

“गाडी जमली तर ती जागा तुझी,” सरकार म्हणाले. “नाही जमली तर दसऱ्याच्या आत शेड उचलायची!”

म्हादू तर शेड आवरायलाच निघाला. पण त्याच्या जोडीनं वेल्डिंग करणारी त्याची लेक सुगंधा म्हणाली, “आबा, आधी सिनेमा तरी बघू!”

राजवाड्यातल्या टीव्हीवर तिनं सिनेमा थांबवत थांबवत बघितला. मग टेप आणि झाडू घेऊन थेट चौकात गेली आणि वाकून फरशीवरचं शेवाळ खरवडायला लागली.

खंडोपंत कारभारी खेकसले, “अगं ए! मोजायला साक्षात सरकार असताना जमिनीत काय डोकं घालतेस?”

“सरकार हिंडतात फिरतात, पंत. फरशी जागा सोडत नाही!”

शेडवर परतल्यावर तिनं बापाला समजावलं. “आबा, शूटिंग भर दुपारचं. गाडीची सावली सरळ खाली पडलीय. लांबीला साडेसहा फरशा, रुंदीला अडीच. फरशी दोन फुटांची, अजून तिथंच आहे. म्हणजे गाडी तेरा फूट लांब, पाच फूट रुंद. समोरून घेतलेलं चित्र आहेच, त्यातल्या रुंदीवरून उंचीपण निघाली!”

म्हादू खूश झाला आणि लगेच घाबरला. “बाय माझे, मग या हिशेबानं सरकार किती भरतात?”

“पाच फूट तीन इंच.”

“हळू बोल! अगं, बंपर बसला नाही तर शेड जाते, आणि बसला तर सरकार बुटके ठरतात. दोन्हीकडून मेलोच की आपण!”

“गाडी तर करू,” सुगंधा म्हणाली. मनातून तीही धास्तावलीच होती.

दीड महिन्यानं पिवळीधमक मोटार चौकात उभी राहिली. अख्खं गाव लोटलं. सरकारांनी बंपर आणवला, म्हादूनं डोळे मिटले आणि बंपर खट्‌दिशी बसला! ना एक बोट कमी, ना एक बोट जास्त! सरकार धावतच पुढं आले, टपावर कोपर टेकलं, मिशीला पीळ दिला. हुबेहूब सिनेमातले फौजदार! डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

तेवढ्यात खंडोपंतांनी काडी टाकली. “काय गं सुगंधा, गाडी इतकी बरोबर, तर मग तुझ्या हिशेबानं सरकारांची उंची किती?”

सरकारांचा हात मिशीवरच थांबला. म्हादूनं लेकीचा पदर ओढला.

“सहा फूट!” सुगंधा म्हणाली.

“मग गाडी चुकली!” पंत ओरडले.

“गाडीपण बरोबर.”

“दोन्ही बरोबर कसं असेल?”

“का नसेल? राजाचा फूट राजानं ठरवायचा, पंत! सरकारांच्या फुटानं सरकार सहा फूट, त्यात इंचाचा फरक नाही. पण मला पत्रा आणायला बाजारात जावं लागतं आणि तिथला दुकानदार पडला अडाणी, त्याच्याकडं सरकारी फूट मिळत नाही. म्हणून गाडी तेवढी बाजारच्या फुटानं केली!”

 सरकारांची मिशी थरथरली, पोट गदगदलं आणि ते असे हसत सुटले की फेटा सुटून खांद्यावर आला. ते बघून गावानंही हसून घेतलं, इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं.

“खंडोपंत!” डोळे पुसत सरकार म्हणाले, “कागद करा! शेडची जागा पांचाळांच्या नावावर. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद!”

सुगंधानं हात जोडले. “उपकार झाले, सरकार. फक्त एक विचारू? कुठल्या फुटानं?”

“बाजारच्या गं, बाजारच्या!” सरकार पुन्हा पोट धरून हसले. “माझ्या फुटानं मोजलीस तर तुझ्या ट्रॉल्या शेडच्या बाहेर भिजतील!”