बिनविषाचे वर्ष

त्या राज्यात त्या वर्षी विषाचा पाऊस पडला नाही.

एरवी तो दरवर्षी पडत असे. तुरीच्या शेंगांत दूध भरू लागले की पेरणारे बांधावरून येत. त्यांच्या पाठीला पंप आणि तोंडाला फडकी बांधलेली असत. पानापानांवर धुके उतरे, आणि ते विरल्यावर शेंगांवर जगणाऱ्या ढेकण्या किड्यांच्या वस्तीत मोजकेच जीव उरत. हिरव्या, ढालीसारख्या पाठीच्या या जमातीजवळ दोनच गोष्टी होत्या. शेंगेच्या सालीतून आत शिरणारी सुईसारखी सोंड, आणि अंगाखाली घाणेरड्या वासाची कुपी. सोंडेवर पोट भरे. कुपी फुटली की पाखरूसुद्धा चोचीतला घास टाकून देई. विषाला मात्र नाक नव्हते.

या वर्षी पेरणारे आले ते मोकळ्या पाठीने. त्यांतल्या एका बाईने शेंग सोलली, आतले सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे तळहातावर घेऊन पाहिले. मग तिने पिशवीतून कागदाची बोटभर पट्टी काढून एका पानाच्या मागे टाचली. ओळीओळीने अशा पट्ट्या टाचत ती माणसे निघून गेली.

वस्तीत सर्वांत वयस्कर होती करडीआत्या. अख्खा हिवाळा बाभळीच्या सालीखाली काढून ती जगली होती, त्यामुळे तिच्या शब्दाला मान होता. तिने पट्टीभोवती एक फेरी मारली, सोंड टेकवून पाहिली.

"नुसता कागद आहे," ती म्हणाली. "वर बारीक बारीक ठिपके चिकटवलेत. विष नाही. दया आली असेल त्यांना आपली."

ते ऐकून वस्तीतल्या तरण्या शेवाळीची भीती सैल झाली. तिची आई अंड्यांच्या टरफलांवर उभी असतानाच धुके आले होते आणि उभ्या जागीच ती वाळून गेली होती. शेवाळी आणि तिची बहीण मोहरी तेव्हा नुकत्याच जन्मल्या होत्या. वाऱ्याने पानावरून खाली, मातीच्या भेगेत ढकलल्या म्हणून वाचल्या. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना धरून होत्या. आता दोघींची झुडपे शेजारी शेजारी होती आणि मधे एक तिरकी फांदी होती, एकीकडून दुसरीकडे जायला पुरेशी.

शेवाळीने त्या आठवड्यात अठ्ठावीस अंडी घातली. लहान रांजण मांडावेत तशी ओळीने, एकमेकांना टेकून. मग ती त्यांच्यावर पाय रोवून उभी राहिली.

"खायला तरी ये गं," मोहरीने पलीकडून हाक मारली. "दोन दिवस झाले."

"तू खा. मी हलणार नाही."

"आता कुठे आहे धुकं?"

"नसू दे. आई हलली नव्हती."

मुंगी आली तेव्हा शेवाळीने पाठीची ढाल तिच्या बाजूला कलती केली. कोळी आला तेव्हा कुपी फोडली. तो पाय झाडत पळाला. तिसऱ्या दिवशी दुपारी एक काळी माशी आली, केसाच्या टोकाएवढी. पंख असूनही ती चालत आली. मिशांनी पान थोपटत, थांबत, पुन्हा थोपटत. तिला ना मुंगीसारखा मोठा जबडा होता, ना दंश करण्याची घाई. शेवाळीला वाटले, एवढ्याशा जिवाला काय हाकलायचे? माशी एकेका अंड्यावर क्षणभर टेकली, जणू विचारपूस करत होती, आणि निघून गेली. पुन्हा भरलेली कुपी तशीच राहिली.

पुढे वस्तीतल्या इतर अंड्यांवर गुलाबी झाक आली, आतून तांबडे डोळे दिसू लागले. शेवाळीची अंडी मात्र काळी पडत गेली. तिला त्याचाही अभिमान वाटला.

"माझी पोरं दणकट निघणार," ती मोहरीला म्हणाली. मोहरीनेही नुकतीच अंडी घातली होती. ती आपल्या पानावरून हसली. करडीआत्या मात्र ती काळी अंडी बघून मागच्या मागे वळली.

बाराव्या दिवशी सकाळी अंड्यांत हालचाल झाली. शेवाळीने नकळत पाय ताठ केले, अंग उंच केले, बाहेर येणाऱ्यांना जागा व्हावी म्हणून. पहिल्या अंड्याचे झाकण उघडले नाही, ते आतून कुरतडले गेले. त्यातून काळे डोके आले, मग मिशा, मग ओले पंख. शेवाळी वाट पाहत राहिली. दुसऱ्यातूनही तेच आले. दहाव्यातूनही. शेवटच्या अंड्यापर्यंत ती आपल्या पायांखाली त्यांना सावली देत उभी होती.

करडीआत्या आली ती फांदीच्या टोकाशीच थांबली.

"त्या कागदावरच्या ठिपक्यांतून निघाली यांची आई, आणि तुझ्या अंड्यांत आपली अंडी घालून गेली," ती म्हणाली. "आणि मी दया म्हणाले."

"मी क्षणभरसुद्धा हलले नव्हते, आत्या. मग तिला माझी अंडी सापडली कशी?"

आत्याने सोंडेने बांधाकडे खूण केली. "काल तिकडच्या झुडपावर बघितलं मी. अंडी घालणारी जिथून चालत जाते ना, नेमक्या त्याच रेषेवरून ती माशी चालते. आपल्या पावलांना वास असतो, बाई. आपल्याला येत नाही. त्यांना येतो."

एवढे बोलून ती खाली उतरली. शेवाळी तिथेच राहिली. बहुतेक माशा उडून गेल्या होत्या. एक अजून पानाच्या कडेला पंख वाळवत बसली होती. पलीकडे मोहरी आपल्या अंड्यांवर उभी होती, आणि तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. शेवाळीने तिच्याकडे जायला एक पाय उचलला आणि तसाच पोटाशी ओढून घेतला.

"मोहरी!" ती ओरडली. "येऊ नकोस! इकडे येऊ नकोस!"

वाऱ्यात शब्द विरले. मोहरीपर्यंत पोचला तो फक्त फाटलेला आवाज. तिने मान वर केली, तर बहिणीच्या पायांखाली रिकामी टरफले दिसली, आणि पिल्लू एकही नव्हते.

"अगं बाई," ती म्हणाली. "थांब, मी आलेच."

शेवाळीने होती नव्हती ती सगळी कुपी फोडली. एवढ्या दाट वासाचा वस्तीत एकच अर्थ होता: संकट आहे, पळा. वास लागताच पानापानांवरून सगळे धडाधड खाली मातीत पडले.

मोहरी मात्र धावत निघाली. आपली अंडी पानावर सोडून ती तिरक्या फांदीवरून येत होती, एकेक पाऊल घट्ट रोवत. ती पोचली, शेवाळीला बिलगली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी आहे ना."

त्यांच्या बाजूला पंख वाळलेली ती माशी उठली. मिशांनी पान थोपटत ती फांदीवर चढली आणि मोहरी आली होती त्या वाटेने सावकाश चालू लागली.