येसबाने खाली घेतलेले हात

ढग जिथे सकाळी तळ्याच्या पाण्यावर उतरतात, अशा एका डोंगराळ मुलखात येसबा नावाचा मुष्टियोद्धा होऊन गेला. दर वर्षी सुगी संपली की तळ्याकाठच्या वाळूत मुठींची लढत होई. नियम एकच होता. जो आधी हात खाली घेईल, तो हरला. सलग अकरा वर्षं जिंकणाऱ्याला ‘अजिंक्य’ हा किताब मिळे. येसबा दहा वर्षं जिंकला होता.

अकराव्या वर्षी त्याच्यासमोर पलीकडच्या काठाचा शिदू नावाडी उभा राहिला. शिदू तरणाबांड होता, चिवट होता. धुक्यात दोघे बराच वेळ झुंजले. शेवटी येसबाचा एक ठोसा शिदूच्या कानशिलावर बसला.

शिदू पडला नाही. पण तो भलत्याच दिशेला वळला आणि धुक्यालाच ठोसे मारू लागला. त्याचे डोळे सताड उघडे होते.

“मार, येसबा! एकच मार!” लोक ओरडत होते. येसबाला मात्र तो गलका पाण्याखालून ऐकू यावा तसा दूरचा वाटला. वाळू, धुकं, माणसं, सगळं जणू थांबलं होतं.

तो हळूच म्हणाला, “शिदू, हात खाली घे.”

“नाही घेणार. आई बघतेय माझी.”

“अरे, तुला दिसतंय का काही?”

शिदू लहान मुलासारखा कुजबुजला, “तू कुठं आहेस, येसबा?”

येसबाची मूठ वर उचललेली होती. किताब एका ठोशावर होता. त्याने एक खोल श्वास घेतला आणि दोन्ही हात खाली सोडले.

पंच धावत आले. “अरे, हे काय केलंस? दहा वर्षांची कमाई घालवलीस!”

“आधी वैद्यांना बोलवा,” येसबा म्हणाला. त्याने शिदूला सावरून वाळूवर निजवलं.

वैद्यांनी शिदूचं डोकं तपासलं. “आणखी एक ठोसा बसता, तर हा उठला नसता,” ते म्हणाले.

शिदूला विजयी ठरवण्यात आलं. गावकरी येसबावर रुसले. कित्येक जण त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. शिदूची नजर परतायला महिना लागला.

पुढच्या सुगीला शिदू लढायला आलाच नाही. तो पंचांपुढे जाऊन म्हणाला, “ज्याला समोरचं दिसत नाही, त्याची लढत पंचांनीच थांबवावी. त्यात कुणाची नामुष्की मानू नये.” पंचांनी बराच विचार केला. मग नियम बदलला, आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला येसबालाच पंच नेमलं.

म्हातारपणी येसबा शिदूच्या नावेतून तळ्यावर फिरायला जाई. एकदा शिदूने विचारलं, “किताब गेल्याचं वाईट वाटतं का रे, दादा?”

“पहिली दोन वर्षं फार वाटायचं,” येसबा हसून म्हणाला. “मग वाळूतून पोरं आपापल्या पायांनी घरी जाताना बघायला लागलो.”

येसबा जाऊन आता कैक पिढ्या झाल्या. दहा वर्षं तो कुणाकुणाला हरवत होता, हे तिथे कुणालाच आठवत नाही. पण त्या तळ्याकाठी आजही लढती होतात, आणि लढणारे सगळे संध्याकाळी घरी जेवायला असतात.

तात्पर्य एवढंच: जिंकणं हाताशी आलेलं असतानाही जो समोरच्याचा जीव आधी बघतो, त्याचं बळ त्याच्यामागेही लोकांच्या कामी येतं.