सुईची परीक्षा आणि पोशा तांडेल

सुईत दोरा ओवता आला नाही म्हणून पोशा तांडेलाच्या हातातलं राजाच्या होडीचं सुकाणू गेलं!

आता होडी चालवणाऱ्याला सुई कशाला, असं कुणीही विचारील. साऱ्या कोळीवाड्याने तेच विचारलं. पण सर्जेराव महाराजांना विचारायची सोय नव्हती. मागच्या पावसाळ्याआधी दुसऱ्याच एका आंधळट तांडेलाने महाराजांची होडी वाळूत नेऊन रुतवली होती. भरती येईपर्यंत महाराज मांडीभर चिखलात उभे होते, आणि काठावरची माणसं आपल्याला हसताहेत असं त्यांना उगीचच वाटत होतं. उगीचच कशाला, हसतच होती. तेव्हापासून महाराजांनी हुकूम काढला, की ज्याचे डोळे राजवैद्य पास करतील त्यानेच होडीवर चढायचं.

राजवैद्य त्रिंबकबुवा माणूस भला, पण घाटावरचा. तिकडे ते जरीकाम करणाऱ्यांचे डोळे तपासत. इथे आल्यावर त्यांनी तीच परीक्षा तांडेलांना लावली. गोधडीची सुई घ्यायची, डोळ्यांपुढे धरायची आणि दोरा ओवायचा. जमलं तर पास.

पोशाला खाडीच्या तोंडावरच्या खडकावर बसलेला बगळा दिसे, त्याने कुठला पाय वर उचललाय तेही दिसे. पण हातातली सुई म्हणजे नुसतं धुकं. त्याने भर दरबारात चार वेळा दोरा नेला आणि चारही वेळा आपल्याच अंगठ्याला टोचून घेतलं. घरी येऊन तो जो ओटीवर बसला तो जेवायलाही उठेना. जन्मभर ज्याने दुसरं काही केलं नाही, त्याने उतारवयात करायचं तरी काय?

त्याची मुलगी आवडी मात्र गप्प बसणारी नव्हती. लहानपणापासून तिच्या तोंडाला तोंड देताना भलेभले दमले होते. ती तडक दरबारात गेली.

तिने आधी अदबीने मुजरा केला आणि विचारलं, की या परीक्षेत सगळ्यात लवकर दोरा कुणी ओवला? वैद्यबुवा म्हणाले, ती सुई ज्याच्याकडून आणली त्या निंबा शिंप्याने, कसं ओवायचं ते दाखवताना.

"मग महाराज, होडी निंबाकाकांना द्या. परीक्षेत पहिले आलेत."

निंबा शिंपी तिथेच महाराजांच्या अंगरख्याचं माप घेत होता. तो मटकन खालीच बसला. आपल्याला ओढ्यावरच्या साकवावरून जातानासुद्धा मळमळतं, महाराजांनी दया करावी, असं तो काकुळतीला येऊन सांगू लागला. दरबार हसला. महाराजांच्याही मिशा हलल्या, पण हट्ट काही हलेना.

"जीभ चांगली चालते गं पोरी तुझी. पण नियम तो नियम. उद्या सकाळी तुझ्या बापाने हीच सुई, हाच दोरा, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या डोळ्यांनी ओवून दाखवावा. भिंग चालणार नाही. जमलं तर सुकाणू त्याचं. नाही जमलं तर पुन्हा धक्क्यावर दिसायचं नाही."

"आणखी काही अट, महाराज?"

"एवढी पुरे नाही का?"

"पुष्कळ झाली," म्हणत आवडी निघाली.

घरी येऊन ती दारात शिडाचं ठिगळ शिवायला बसली. डोकं चालत नसलं की ती हात चालवायची. पोशा अंगणाच्या पार टोकाला, माडाखाली तोंड पाडून बसलेला. तिथूनच तो कंटाळल्या आवाजात म्हणाला, "आवडे, सुईतनं दोरा निसटलाय बघ तुझ्या. नुसतीच टोचतेयस."

आवडीने सुईकडे पाहिलं. मग अंगणापलीकडच्या बापाकडे पाहिलं. आणि एवढ्या जोरात हसली, की शेजारणी काय झालं म्हणून कुंपणापाशी आल्या.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. आवडीने एक शहाळं आणून सिंहासनाच्या पायरीवर ठेवलं आणि त्यात ती सुई ताठ खोचली. दोरा मेणातून ओढून काडीसारखा कडक केला आणि आपल्या गळाच्या लांबलचक काठीच्या टोकाला बांधला. मग बापाचा हात धरून त्याला सभामंडपात मागे मागे नेऊ लागली.

"आता दिसते, बाबा?"

"नाही गं."

"आता?"

"थोडी... थांब. दिसली! नेढंसुद्धा दिसतंय!"

पोशाने काठी उचलली. पहिला नेम चुकला. दोरा शहाळ्यावर आपटला. लोक चुकचुकले. पोशाने डोळे पुसले, पाय रोवले, श्वास रोखला. काठीचं टोक हळूहळू पुढे सरकलं, सुईपाशी क्षणभर थांबलं, आणि दोरा नेढ्यातून अलगद पलीकडे गेला!

वैद्यबुवा वाकून वाकून बघत राहिले. दोरा आरपार होता. तरी त्यांचं समाधान होईना. ते म्हणाले, "महाराज, हे चालायचं नाही. सुई डोळ्यांजवळच धरायला हवी."

आवडी त्यांच्याकडे वळली. "वैद्यबुवा, खडक लांब असतो तेव्हा दिसायला हवा, की नाकाशी आल्यावर? नाकाशी आल्यावर तर तो निंबाकाकांनाही दिसेल!"

आधी वैद्यबुवाच हसले, मनापासून. मग महाराज असे काही हसले, की निंबाने आदल्या दिवशी घातलेली अंगरख्याची शिवण उसवली. हसता हसता त्यांनी पोशाला जवळ बोलावलं, खांद्यावरचा शेला त्याला पांघरला आणि म्हणाले, "तांडेल, होडी लावा धक्क्याला. आणि वैद्यबुवा, यापुढे तांडेलांची परीक्षा धक्क्यावर व्हायची. ती आवडी घेईल. राजदरबारातून तिला पालखीचा मान!"