शिवेवरची टोपली

त्या वर्षी सोमगीर महाराज बोरखडीला ओढ्याकाठच्या पडक्या धर्मशाळेत उतरले होते. अंगावर एक घोंगडी, हाती कमंडलू आणि येईल त्याच्याशी घरच्यासारखे बोलणे, एवढाच त्या पुण्यपुरुषाचा संसार!

धर्मशाळेची झाडलोट गोजराबाई करी. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. जीव लावायला घरात होत्या त्या कोंबड्या. तुळोजी पाटलांना तिची सेवा खुपे. चार माणसांत ते म्हणत, "कोंबड्यांची घाण तुडवत येते नि म्हाराजांचं अंगण झाडते! काय पण भक्तीण!" ती माउली ऐकून घेई आणि खराटा हाती धरी.

थंडी सरता सरता तिच्या काळ्या कोंबडीने चारा सोडला. पंख गळाले, हिरवी पातळ शीट पडू लागली आणि मान मुरडून पाठीकडे वळली. ती मानमोडी होती. ही मर आली की खुराडीच्या खुराडी ओस पडतात, हे गावाला ठाऊक होते.

अशा वेळी बोरखडीची एक रीत होती. पहिली आजारी कोंबडी टोपलीत घालून हलगीच्या तालावर दारोदार न्यायची, घरोघरच्या बायांनी तिला हात लावून कुंकू वाहायचे आणि मग टोपली शिवेपलीकडे ठेवून मागे न बघता परतायचे. रोग पुढच्या गावाला गेला, आपण सुटलो! काय ही समजूत! जिला गावापासून दूर ठेवायचे, तिलाच आधी सगळ्या गावाच्या हातांतून फिरवायचे.

पाटील दारात येऊन उभे राहिले. "गोजरे, टोपली काढ."

"पाटील, शिवेपल्याड भागूचं घर हाय. तिच्या अंगणात बी कोंबड्या हायेत. माझ्या दारचं तिच्या दारात कसं लोटू?"

"मोठी संतीण लागून गेलीस! गावात एक जरी कोंबडी मेली, तर तुला हितं ऱ्हाऊ द्यायचो न्हाई!"

कोंबडी पदराखाली घेऊन गोजराबाई धर्मशाळेशी आली, पण पायरीपाशीच थांबली. "म्हाराज, आत येत न्हाई. हिला मानमोडी लागलीया."

महाराज स्वतः उठून बाहेर आले. त्यांनी कोंबडीची चोच उघडून पाहिली, छातीला कान लावला. "बाकीच्या खातात का?"

"खात्यात अजून."

"मग ऐक. ही माझ्यापाशी राहील. बाकीच्या कोंडून ठेव. खुराडं झाडून राख पसर, पाणी रोज ताजं दे. हिला लागलेलं लुगडं धुऊन, अंघोळ करून मगच त्यांच्याजवळ जा. आळीतल्या बायांनाही हेच सांग."

"आन् ही? ही वाचंल का, म्हाराज?"

महाराजांनी कोंबडी आपल्या घोंगडीत घेतली. मग म्हणाले, "त्याच्याकडे मागू आपण."

गोजराबाईचा हट्ट पाटलांना झोंबला. त्यांचाही तांबडा कोंबडा सकाळपासून मलूल होता. त्यांनी तोच टोपलीत घातला आणि हलगी वाजवत गावभर मिरवला. गोजराबाईच्या आळीत मात्र एकही दार उघडले नाही. टोपली शिवेपलीकडे गेली. पण तिन्हीसांजेला कोंबडा आपले घर शोधतोच! धडपडत तो परत आला आणि पाटलांच्या खुराड्यात इतर कोंबड्यांमध्ये जाऊन बसला.

मग जे व्हायचे ते झाले. पाटलांचे खुराडे रिकामे झाले. ज्या ज्या घराने कुंकू वाहिले, तिथे मर शिरली. गोजराबाईच्या आळीत मात्र सगळे ठीक होते. "तिनंच काही तरी केलं असणार," असे म्हणत पाटील रागारागाने धर्मशाळेत शिरले आणि जागच्या जागी थबकले.

काळी कोंबडी महाराजांच्या पायाशी दाणे टिपत होती, अगदी ताठ मानेने. आणि महाराजांची मान? ती मुरडून खांद्यावर पडली होती. गोजराबाई रडत रडत त्यांना चमच्याने पेज भरवत होती. बघवत नव्हते हो ते!

"एका कोंबडीपायी, म्हाराज?" पाटलांच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले.

महाराज तशाच वाकड्या मानेने हसले. "दुखणं कुठे तरी जायलाच हवं होतं ना, पाटील? तुम्ही ते भागूच्या दारी धाडलंत. मी माझ्याकडे ठेवून घेतलं."

पाटलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. त्यांनी पागोटे महाराजांच्या पायांवर ठेवले, गोजराबाईपुढे डोके टेकले. "चुकलो, बाई. म्हाराज, आता काय करू?"

"भागूला कुणी सांगितलंय का?"

पाटील तसेच बोडक्या डोक्याने उठले. ओढ्यावर हातपाय घासून धुतले, अंगावरचे कपडे बदलले आणि शीव ओलांडून गेले. भागूच्या अंगणात पाऊल न टाकता ते कुंपणाबाहेरच उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "भागूबाई, कोंबड्या आत घ्या. मर आलीय, आन् ती तुमच्या दारात मी आणून ठेवली."