कांचनपरी आणि आपट्याचा घोळ

सगुणाला रडायला येत होतं, पण रडणार कुणाजवळ? बाबा नव्हते. आई तापानं फणफणलेली, अन्नाला शिवत नव्हती. चुलीला जळण हवं म्हणून पोरगी सकाळीच रस्त्याकडेच्या झाडांत गेली, आणि पानांआडून उतरली इवलीशी परी! पंख गुलाबी, डोळे चमचम.

“सगुणे, माझ्या झाडाला हात लाव आणि एक इच्छा माग,” परी म्हणाली. “पण हात लावेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि झाड तूच ओळखायचं. पान दुभंगलेलं, फुलाला पाच पाकळ्या, आत तीन लांब केसर.” एवढं बोलून झाली की गडप!

आता आली का पंचाईत! दुभंगल्या पानांची झाडंच झाडं. याचं पान दोन पाळ्यांचं, त्याचंही दोन पाळ्यांचं. सगुणा पार गोंधळली. इकडे पळ, तिकडे पळ. चुकीच्या झाडाला हात लागला तर? शेवटी तिनं पडलेली पानं वेचून रस्त्याच्या कडेला शेजारी शेजारी मांडली. एक छोटं, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. हा आपटा. दुसरं मोठं, मऊ, आणि त्यासोबत सापडलेलं गुलाबी फूल. पाकळ्या पाच, केसर तीन. अगोबाई, म्हणजे पलीकडचा तो कांचन!

ती उठते तोच शेजारचा गोंदाकाका कोयता घेऊन आला. उद्या दसरा. सोनं म्हणून वाटायला आपट्याची पानं हवीत, आणि हा शहाणा निघाला कांचनावर घाव घालायला! कोयता वर गेला. सगुणा अजून लांबच होती.

“काका, थांबा! तो आपटा नाही, कांचन आहे! पानं बघा ना केवढाली!”

काकानं पान उलटंसुलटं केलं. “अगं, खरंच की! दरवर्षी मी हीच नेतो!” डोकं खाजवत तो निघून गेला.

सगुणा मटकन खाली बसली. आई आता बरी होणार नाही, या विचारानं तिला हुंदका फुटला.

“का गं रडतेस?” पानांआडून पुन्हा उतरत परीनं विचारलं.

“मी बोलले. माझी इच्छा गेली.”

“तुझी गेली. माझी आहे ना! माझं घर वाचवलंस तू. आज मीच मागते.”

सगुणाला काही कळेना. परी कधी मागते का? परीनं कांचनाच्या खोडाला गाल टेकवला. “सगुणाची आई बरी होऊ दे,” ती कुजबुजली. लख्ख गुलाबी उजेड पडला आणि परी त्यात विरून गेली.

सगुणा गोंधळलेलीच घरी धावली. दारात आई उभी, कमरेवर हात.

“कुठं हुंदडत होतीस गं? भूक लागलीय मला!”